औषध लागू पडेल काय?

स्वादुपिंडाचा कर्करोग बहुधा उशिरा ध्यानात येतो. पुष्कळ रुग्णांच्या हाती तेव्हा थोडेच महिने उरलेले असतात. त्यांतील दोन-तीन निरुपयोगी औषधात गेले, तर ते परत मिळत नाहीत. म्हणूनच केमोथेरपीचा गुण येईल की नाही, हे सांगणाऱ्या खुणांना महत्त्व आहे.

रक्तातील 'सीए १९-९' ही सर्वांत परिचित खूण. तिचे सर्वसाधारण प्रमाण दर मिलिलिटरला ३७ एककांपर्यंत असते. उपचारानंतर वाढलेले प्रमाण उतरू लागले, तर औषध लागू पडत असल्याचे समजतात. परंतु ही खूण मागाहून बोलते. शिवाय काविळीतही ती वाढते आणि काही व्यक्तींच्या शरीरात हा घटक जन्मतःच तयार होत नाही. केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचेच.

आधी सांगणारी खूण जनुकांत सापडते. बीआरसीए १ किंवा बीआरसीए २ या जनुकांत दोष असल्यास पेशींना डीएनएची मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही. सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमयुक्त औषधे नेमकी तशीच मोडतोड करतात. म्हणून अशा गाठी त्यांना अधिक दाद देतात. असे रुग्ण मात्र शंभरात सुमारे पाच ते सातच. हा दोष बहुधा आनुवंशिक असतो. तो आढळल्यास रुग्णाच्या भावंडांनी व मुलांनीही तपासणीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.