मदत घ्यावी, मिंधे होऊ नये



पावसानं जोर धरला की आपल्या गगनबावड्यात रोप लावणीचा पैरा सुरू होतो. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. दहा माणसं चिखलात उतरतात. उपकाराची भाषा कोणी बोलत नाही, पण दिवस मात्र चोख ध्यानात ठेवतात. एखाद्याला फेडायला जमलं नाही तर तो आपणहून सांगतो, "कापणीला येतो."

हीसुद्धा मदतच. मग तिनं मान खाली का जात नाही? कारण परतफेडीची वाट मोकळी असते. आजचा घेणारा उद्याचा देणारा असतो.

याउलट, अडचणीला पैसे दिले आणि चार माणसांत बोलून दाखवले, तर घेणारा मनातून खचतो. वरचेवर आयतं मिळत गेलं की "आपल्याच्यानं काही व्हायचं नाही" हेच मनात घर करतं.

पण मदत नाकारणं म्हणजेच स्वाभिमान, असंही नव्हे. २०१९ व २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या खोऱ्यातला ऊस पाण्याखाली गेला. तेव्हा पंचनाम्याला नाव सांगायलाही संकोचणारे शेतकरी आम्ही पाहिले. त्या संकोचाची झळ पोराबाळांना बसते.

आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही गोष्ट नेमकी ओळखली होती. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. गरिबांच्या मुलांना त्यांनी आसरा दिला, पण श्रमाची सवयही लावली. 'कमवा आणि शिका' याचा अर्थ हाच: मुलगा शिकला तो दुसऱ्याच्या दयेवर नव्हे, स्वतःच्या घामावर.

सहकाराचं मूळही तेच. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला. सरकारचं साहाय्य होतं, पण शेतकऱ्यांनी आपले शेअर्सचे पैसेही घातले होते. म्हणून तो त्यांचा झाला.

तेव्हा एवढं ध्यानी धरूया. नड असेल तर वेळेवर आणि स्पष्ट मागावं. किती व कशासाठी, हे आधी ठरवावं. पैशानं फिटत नसेल तर कामानं फेडावं. आणि देणाऱ्यानं उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नये.

शेजाऱ्याला खांदा जरूर द्या. पण तो आपल्या पायांवर उभा राहिला की खांदा काढून घ्या. तेव्हाच मदत पुरी झाली म्हणायची.