भूल घेण्याआधी तोंड उघडून बघा

आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडा. हाताची मधली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. जात नसतील, तर ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच भूलतज्ज्ञांना भेटा.

पूर्ण भुलीत बहुतेक वेळा श्वासनलिकेत नळी घालून आम्ही भूलतज्ज्ञच रुग्णाचा श्वास चालवतो. नळी वेळेत बसली नाही, तर काही मिनिटांत ऑक्सिजन उतरतो. आपल्याकडे नळी घालण्यातला मोठा अडथळा म्हणजे खर्रा, मावा, गुटखा. ते खाणाऱ्याला आधी तिखट झोंबू लागते, मग गाल आतून पांढुरके, कडक होतात आणि तोंड आखडत जाते. भुलीने स्नायू सैल पडतात, पण हे तोंड उघडत नाही, कारण गालाच्या अस्तराखाली कडक तंतू साचलेले असतात. अशा रुग्णाला बऱ्याचदा जागे ठेवून, नाक-घसा बधिर करून, दुर्बिणीवरून नळी घालावी लागते. ती दुर्बीण आणि सरावाचा हात प्रत्येक रुग्णालयात नसतो. तेव्हा हे व्यसन सांगायला बायको-मुलांसमोर लाज वाटत असेल, तर आम्हाला एकटे गाठून सांगा, पण सांगा.

घोरण्याचेही तसेच. घोरताना मध्येच श्वास अडकतो का, हे घोरणाऱ्याला काय कळणार? शेजारी झोपणाऱ्याला सोबत आणा. वजन जास्त, मान आखूड आणि वर हे घोरणे असेल, तर ऑपरेशननंतरची पहिली रात्रही आम्ही डोळ्यांत तेल घालून काढतो.

ऑपरेशनआधी ‘उपाशी राहा’ म्हणजे जेवण सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. ‘पोर रडतंय’ म्हणून आजी पदराआडून बिस्किट देते, तेच भुलीत उलटून फुप्फुसात जाऊ शकते. मधुमेहाची किंवा वजन उतरवायची आठवड्याची इंजेक्शने चालू असतील तर पोट उशिरा रिकामे होते, तेही सांगा.

मुलाला सर्दी-खोकला असेल तर लपवू नका. भुलीत स्वरयंत्र एकदम आवळण्याची भीती असते. तातडीचे नसेल तर ऑपरेशन काही आठवडे पुढे गेलेले बरे.

कवळी, हलणारा दात, दमा, मानेला पूर्वी दिलेले किरणांचे शेक हेही बोलून टाका. आणि मागच्या ऑपरेशनात ‘नळी घालायला त्रास झाला’ असे कुणी म्हटले असेल, तर ती फाइल शोधून बरोबर आणाच.