मडगार्डचे १४० युरो

मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबकाठचा टप्पा जेमतेम ३५-४० किलोमीटरचा. जर्मनीतल्या पासाऊहून व्हिएन्नाला जाणाऱ्या सायकलमार्गाचा हा सगळ्यात देखणा भाग. वाखाऊ नावाचं हे खोरं २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. रस्ता बहुतेक सपाट, दोन्ही अंगांना जर्दाळूच्या बागा आणि दगडी बांधांवर चढत गेलेले द्राक्षमळे. सायकलची फारशी सवय नसलेल्यालाही हे अंतर झेपतं. त्रास झालाच तर तो सायकल भाड्याने देणाऱ्यांकडून होतो, आणि प्रस्तुत लेखिकेला तो पुरेपूर झाला.

मेल्कला सायकल हातात आली तेव्हाच मागच्या मडगार्डची तार तुटलेली होती. ती काळ्या प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेमला बांधली होती; पट्टी उन्हाने पांढुरकी पडलेली, खाचांत चिखल वाळलेला. लेखिकेने टेबलामागच्या माणसाला ती बोट लावून दाखवली. त्याने हात झटकला, काही होत नाही म्हणाला आणि जर्मन भाषेतला एक कागद पुढे सरकवला. सही कशासाठी, असं विचारल्यावर उत्तर मिळालं : नाव-पत्त्यासाठी. मागे रांग, अनामत कार्डवर.

दिवस मात्र सुंदर गेला. स्पिट्झला नदी ओलांडणारी तर इंजिनाशिवाय, वरच्या दोराला धरून निव्वळ प्रवाहाच्या जोरावर चालते. अलीकडच्या विलेनडॉर्फ गावात १९०८ साली पाषाणयुगातली ती प्रसिद्ध स्त्रीमूर्ती सापडली. ड्यूर्नश्टाइनच्या डोक्यावरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२च्या हिवाळ्यात कैदेत होता. क्रेम्सला दुसऱ्या कर्मचाऱ्याने सायकल फिरवून पाहिली, मान हलवली, ठेवून घेतली.

संध्याकाळी व्हिएन्नात बँकेचा मेसेज आला : १४० युरो वजा. ओटीपी नाही, फोन नाही, विचारणा नाही. ईमेल केल्यावर दुकानाने उत्तरादाखल तोच सही केलेला कागद पाठवला. मोबाइलवर भाषांतर केलं, तेव्हा सहीच्या बरोबर वर ते वाक्य दिसलं : सायकल निर्दोष अवस्थेत मिळाली. नाव-पत्त्याचा म्हणून पुढे केलेला कागद हा होता! सोबत तुटलेल्या मडगार्डचा फोटो, आणि फोटोत तीच पांढुरकी पट्टी. दिवसभराच्या प्रवासात पट्टी विटत नाही, हे फोटो काढणाऱ्याला कळत नसेल असं मानणं कठीण आहे.

लेखिकेकडे मेल्कचा, निघण्यापूर्वीचा फोटो होता, म्हणून निदान बोलता तरी आलं. जाणाऱ्यांनी सायकल ताब्यात घेताना मडगार्ड, रिम, टायरच्या कडा, कॅरियर, दिवे यांचा सलग व्हिडिओ दुकानाच्या पाटीसकट काढावा. मोडतोड दिसली तर ती कागदावरच लिहून घ्यावी आणि त्याखाली त्यांची सही घ्यावी. तोंडी ‘काही होत नाही’ला किंमत नाही. परत करताना ‘सायकल ठीक मिळाली’ एवढी एक ओळ लिहून मागावी. अनामत शक्यतो रोख द्यावी. कार्ड दिलंच तर रक्कम नुसती अडकवली आहे की वळती केली आहे, हे तिथेच विचारावं. परदेशी दुकानाला पैसे कापायला ओटीपी लागतोच असं नाही. वाद झाला तर बँकेकडे लगेच लेखी तक्रार करावी.

बाकीचं नेहमीचंच : पाणी, टोपी, पंक्चरचं सामान. पण तिकडच्या भाड्याच्या अनेक सायकलींना पायाचा ब्रेक असतो, पेडल उलटं दाबलं की मागचं चाक जागीच थांबतं. आपल्याकडे हातब्रेकची सवय; मोकळ्या जागी चार चकरा मारल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून मेल्कहून क्रेम्सकडे जावं. मेल्कचा पूल सोडला की थेट माउटर्नपर्यंत पूल नाही, मधे फक्त तरी. शेवटची तर किती वाजता, ते आधी पाहावं. आणि वाटेत वाइन घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही दारूची कायदेशीर मर्यादा आहे.

दुकानाने आता ‘सदिच्छा म्हणून’ अर्धी रक्कम परत करायची तयारी दाखवली आहे. लेखिकेने ती नाकारली. मडगार्ड आधीच मोडलेलं होतं आणि ती पट्टी त्यांनीच बांधली होती. बँकेकडे तक्रार पूर्ण १४० युरोंची आहे.