कर्ज काढून कर वाचवू नकोस

परभणी, फेब्रुवारी २०२६

चि. बाळास,


उरुसाला तुझी आई आली होती. बोलता बोलता म्हणाली, बाळानं पतसंस्थेतून पन्नास हजार उचललेत, एनपीएसमध्ये, म्हणजे पेन्शनच्या खात्यात, भरणार आहे, कर वाचतो म्हणे. तिला वाटलं, मी शाबासकी देईन. कर्ज काढून कर वाचवतात का रे कुणी?

तुझा गेल्या वर्षीचा फॉर्म १६ मी पाहिलाय. तू नव्या करप्रणालीत आहेस. तिथं आपण भरलेल्या पेन्शनच्या पैशाला वजावट नाही. ८०सीचे दीड लाख नाहीत, एनपीएसचे वरचे ५० हजारही नाहीत. मिळते ती सरकार घालतं त्या १४ टक्क्यांची, आणि ती तुला आपोआप मिळतेय. शिवाय यंदा तिथं १२ लाखांपर्यंत करच नाही. ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पगारदाराला पावणेतेरा लाख. तुझा पगार तिथवर गेलाय का? मग वाचवणार काय, डोंबल?

जुन्या प्रणालीत जाईन म्हणशील. जा, विवरणपत्र वेळेत भरताना तसं निवडता येतं. पण तुझ्या मूळ पगाराचे आणि महागाई भत्त्याचे १० टक्के दरमहा कापले जातातच. विमा आणि घराच्या मुद्दलानं दीड लाख भरत असतील, तर हे कापलेले पैसेच जादाच्या ५० हजारांत दाखव. एकच रुपया दोनदा धरू नकोस, झालं. त्याला कर्ज कशाला?

भरलेले पैसे मनात आलं तेव्हा काढता येत नाहीत. निवृत्तीला ६० टक्के एकरकमी, करमुक्त. उरलेल्या ४० टक्क्यांतून जी पेन्शन येईल, ती उत्पन्नात धरली जाते. पतसंस्थेचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात दारात.

तू म्हणशील, मामाला जुनी पेन्शन, त्याचं काय जातंय बोलायला. खरंय. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलात म्हणून तुम्हा पोरांच्या वाट्याला हे एनपीएस आलं. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी झालेल्या संपात तू उन्हात बसला होतास, ते मी विसरलो नाही. म्हातारपणाची धास्ती कुणालाही असते.

मी नवा नोकरीला लागलो तेव्हा दर मार्चला विम्याचे कागद घेत सुटायचो. एका वर्षी अण्णांनी विहिरीत आडवं बोअर घ्यायला पैसे मागितले. मी म्हणालो, मार्च जाऊ द्या. त्यांनी पुन्हा कधी मागितलेच नाहीत. तुझ्या घरीही आत्ता लेकरांच्या फिया आहेत, आईचे गुडघे आहेत. पैसे त्यांना लागतील.

रागावलो असेन तर मनावर घेऊ नकोस. रक्कम अजून भरली नसेल तर पतसंस्थेत परत कर; चार दिवसांचं व्याज मी देतो. भरली असशील तरी घाबरू नकोस, पैसे तुझ्याच नावावर आहेत, हप्त्याचं आपण दोघं बघू. आईला यातलं काही बोललो नाही. रविवारी सेलूहून सगळे या. पगारपत्रक आणलंस तर बरं, विसरलास तरी ये. मामीनं लेकरांसाठी धपाटे करायचं ठरवलंय.

तुझा,
मामा