गाठ कापण्याआधी

ॲन आर्बर, मिशिगन

चि. मुक्ता,


परळच्या पशुवैद्यक कॉलेजात तू पॅथॉलॉजी घेतलीस, हे ताईकडून कळलं. गाईच्या गाठींचे फोटो पाहिले. खाली तू ‘लंपी त्वचारोग’ लिहून मोकळी झालीस. असेलही. २०२२ च्या साथीनंतर आपल्याकडे प्रत्येक गाठ लंपीचीच वाटते. पण हर्पिसचा एक विषाणूही अशाच गाठी उठवतो. त्या वरवरच्या असतात आणि जनावर बहुधा आपोआप बरं होतं. स्लाइडवर फरक कळतो. लंपीच्या इन्क्लुजन बॉडी, म्हणजे विषाणूच्या खुणा, पेशीद्रव्यात असतात, हर्पिसच्या केंद्रकात. मात्र त्या ताज्या गाठीतच सापडतात. तू कापलीस ती खपली धरलेली, आतून मेलेली. नवी गाठ घे, खोलवर, कडेची चांगली कातडी धरून. स्पिरिटने घासून साफ करू नकोस, वरचा थरच नेमका हवा असतो. आणि तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन घाल, कंजुषी नको.

डोळा त्याहून नाजूक. जनावर मेलं की दृष्टिपटल फार लवकर बिघडतं, म्हणून शवविच्छेदनात आधी डोळा काढ. भोवतीची चरबी, स्नायू सोलून टाक, पण त्याला चीर देऊ नकोस. डेव्हिडसनचं द्रावण मिळालं तर उत्तम. साध्या फॉर्मॅलिनमध्ये दृष्टिपटल सुटून येतं आणि नवशिके त्यालाच रोग समजतात.

माझ्याकडे इथे बहुतेक प्रयोगशाळेतले उंदीर येतात. ‘ब्लॅक-सिक्स’ जातीचे काळे उंदीर खाजवून खाजवून अंगावर व्रण करून घेतात. स्लाइडवर व्रण दिसतो, कारण दिसत नाही. डोळ्यांची गंमत आणखी वेगळी. त्यांच्या ‘एन’ उपवंशात दृष्टिपटलाचा ‘आरडी-८’ हा आनुवंशिक दोष मुळातच आहे, हे २०१२ साली पुढे आलं. तोवर या दोषाने पडणाऱ्या डागांचं खापर किती जणांनी आपापल्या प्रयोगांवर फोडलं असेल, कोण जाणे! म्हणून नमुन्यासोबतच्या कागदावर उपवंश नसेल तर मी आधी फोन करते. तूही गाईची जात, वय, गाव, गाठ कितव्या दिवसाची, लंपीसाठी शेळ्यांच्या देवीची लस कधी टोचली, सगळं लिही. निदान शेवटी.

इकडे शिकायला यायचं विचारतेस. पशुवैद्यकाचं कॉलेज ईस्ट लान्सिंगला आहे, ॲन आर्बरला नाही. अर्ज तिकडे कर. इथे पिठलं-भात मिळेल.

तुझी,
मावशी