हद्दीबाहेरच्या सायकली

आयुष्याची चौतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात घालविली. भूमी अभिलेख खात्यातील भूकरमापक या नात्याने बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील किती बांधांवर मी उन्हातान्हात उभा राहिलो, किती भाऊबंदांच्या कैफियती ऐकल्या आणि हद्दीच्या दगडापलीकडे वीतभर सरकलेल्या नांगरटीवरून पेटलेले किती तंटे टिपण उघडून व साखळी टाकून मिटविले, याचा हिशेब आता माझ्यापाशीही उरलेला नाही. असे असता, स्वतःच्या दारात उभी असलेली मोटार आणि तिच्यावर चढवावयाच्या सायकली यांची मोजणी करण्याची बुद्धी मला वेळेवर झाली नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. तथापि लहान गाडीवरून सायकली नेण्याची हौस अलीकडे आमच्या भागातही वाढली असल्यामुळे, माझी कसूर मी येथे सविस्तर नमूद करीत आहे.

पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचे काम चालू होते, त्या वेळची ही गोष्ट. जानेवारी महिना होता, उजनी धरणाचा फुगवटा पाण्याने भरलेला होता आणि रोहित पक्षी आल्याची वार्ता नातवाच्या कानी पडली होती. इंदापुरास लेकीकडे मुक्काम करावा आणि पहाटे दोघांनी सायकलींवरून पळसदेवच्या बाजूस पाण्याच्या कडेकडेने फिरून यावे, असा बेत त्याने रचला. त्याची सायकल गिअरची, वजनाने पंधराएक किलो. माझी नोकरीच्या काळातली, काळी, दांडीच्या ब्रेकची, बावीस किलोंहून हलकी खासच नव्हे. गाडी आल्टो. पुण्यातील एका दुकानातून मी मागच्या दारावर पट्ट्यांनी आवळण्याचे कॅरिअर आणविले. ‘कुठल्याही गाडीला बसते’ एवढा दाखला मला पुरेसा वाटला. सात-बाराचा उतारा पाहिल्याशिवाय शेताच्या बांधावर पाऊल न ठेवणारा मी, त्या कॅरिअरसोबत आलेला सूचनांचा कागद न वाचताच रद्दीत टाकता झालो.

ते कॅरिअर म्हणजे लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा. त्याचे पाय रबरी गाद्यांवर दाराला टेकतात, सहा पट्ट्यांचे आकडे दाराच्या कडांत अडकवावयाचे, आणि बाहेर आलेल्या दोन हातांवर सायकली टांगावयाच्या. आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर पूर्वीच्या मालकाने शोभेची प्लॅस्टिकची पट्टी चिकटविलेली होती. वरचे दोन आकडे मी पत्र्याच्या कडेत न अडकविता त्या पट्टीच्या ओठात अडकविले, कारण तेथे ते सहज बसले. आणि सहज बसलेली गोष्ट योग्यच बसली असली पाहिजे, अशी माणसाची समजूत असते.

बारामतीचा तीन हत्ती चौक ओलांडून काटेवाडीपर्यंत सारे यथास्थित होते. भवानीनगरच्या पुढे मात्र वळणरस्ते सुरू झाले. भारतीय रस्ते काँग्रेसच्या प्रमाणाबरहुकूम गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी लागते, म्हणजे चाक त्यावर हळूच चढते आणि हळूच उतरते. परंतु गावोगावच्या लोकांनी स्वसंरक्षणार्थ घातलेले आडवे वरवंटे या प्रमाणाशी कोणताही संबंध ठेवीत नाहीत. अशा एका वरवंट्यावरून गाडी दाणकन आदळली. त्यानंतर थोड्याच वेळात रबर जळल्याचा उग्र वास येऊ लागला. उसाच्या तोडीचे दिवस, दोन्ही बाजूंच्या मळ्यांत कोठे ना कोठे पाचट पेटलेले. त्यातच कोणी जुना टायर टाकला असेल, असा तर्क करून मी काच वर केली आणि पुढे चाललो.

मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढीत येणारा ट्रॅक्टर सारखा हॉर्न देत होता. त्याला पुढे जावयाचे असेल म्हणून मी बाजू दिली. तो शेजारी आला आणि चालकाने वरून ओरडून सांगितले, “आजोबा, मागनं धूर निघाया लागलाय, गाडी बाजूला घ्या!”

उतरून पाहतो तो शोभेची पट्टी एका बाजूने उखडली होती, वरच्या पट्ट्या बकलातून सरकून सैल झाल्या होत्या आणि दोन्ही सायकली वीत-दीड वीत खाली लोंबत होत्या. माझ्या सायकलीचे मागचे चाक नेमके सायलेन्सरच्या तोंडासमोर आले होते आणि तेथला टायर लोण्यासारखा वितळून आतली ट्यूब फुग्याप्रमाणे बाहेर डोकावत होती. नातवाच्या सायकलीच्या पायट्याने दाराच्या पत्र्यात रुपयाएवढा खळगा पाडला होता. गाद्या आणि पत्रा यांच्यामध्ये धूळ शिरून तिने रंगावर कानस फिरविली होती. नंबरपाटी तर बारामतीपासूनच चाकांच्या आड लपलेली होती, हे मला तेव्हा प्रथम दिसले.

ट्रॅक्टरवाला तिशीतला तरुण होता. त्याने मुद्देमालाभोवती एक फेरी मारली, ट्रॉलीतला दोर आणला, सायकली सोडविल्या आणि म्हणाला, “वझं टांगायचं नसतंय आजोबा, टेकवायचं असतंय. आमचा ऊस ट्रॉलीत टेकल्याला असतो. दोर निस्ता त्याला हलू देत न्हाई.” मग त्याने मागची सीट पाडली, नातवाची सायकल पुढचे चाक काढून आत सरकविली, आणि माझी भवानीनगरात एका ओळखीच्या दुकानी ठेवविली. पळसदेवला त्या खेपेस आम्ही गेलो नाही.

त्या तरुणाचे वाक्य मी पुढे पुष्कळ दिवस घोळविले, आणि मला असे दिसून आले की या विषयातील सारा निवाडा त्यात आलेला आहे. टांगलेल्या वस्तूचा संपूर्ण भार पट्ट्यांवर येतो. पट्टी बकलात केवळ घर्षणाने धरलेली असते. आणि प्रत्येक हादऱ्यागणिक ती केसभर सरकते. टेकलेल्या वस्तूचा भार टपावर किंवा तळावर जातो आणि दोराला फक्त राखण करावी लागते. माझ्या उमेदवारीच्या काळात एस.टी.च्या टपावरून सायकली जात. मागच्या शिडीने हमाल सायकल वर चढवी, आडवी निजवी आणि काथ्याच्या दोराने कठड्याला जखडी. कंडक्टर सामानाचे तिकीट फाडी. त्या काळचे रस्ते आजच्यापेक्षा शतपट वाईट होते, पण माझी सायकल टपावरून कधी घसरली नाही. हा पुरावा डोळ्यांपुढे असूनही मी तो विसरलो.

आता मोजणीचे. घरी परतल्यावर मी फीत काढली. आल्टोची रुंदी, आरसे वगळून, जेमतेम ४ फूट ११ इंच. माझ्या सायकलीची लांबी टायरच्या टोकापासून टोकापर्यंत ६ फूट १ इंच. म्हणजे मागे आडवी टांगलेली सायकल दोन्ही अंगांस सात-सात इंच हद्दीबाहेर. हे सरळ सरळ अतिक्रमण होय, आणि तेही अशा रस्त्यावर, जेथे उसाच्या बैलगाड्या आणि मोटारसायकली हातभर अंतरावरून जातात. भार वाहनाच्या अंगाबाहेर विहित मर्यादेपलीकडे गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे. नंबरपाटी आणि मागचे दिवे झाकणे हाही १९८९ च्या केंद्रीय नियमांचा भंगच. पुढचे चाक काढले की सायकल सुमारे सव्वा फुटाने आखूड होते आणि हद्दीच्या आत येते, एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. खरे म्हणजे मी कोणास विचारली नव्हती.

ज्यांना मागच्या दारावरचेच कॅरिअर घ्यावयाचे आहे, त्यांना माझी हरकत नाही, परंतु आकडे पत्र्याच्या दुमडलेल्या कडेतच पडले पाहिजेत. प्लॅस्टिक, काच आणि चिकटविलेली शोभा यांवर काडीचाही भार नको. गाद्यांखालचा पत्रा ओल्या फडक्याने पुसावा, चाक सायलेन्सरच्या रेषेत येत नाही याची खात्री करावी, आणि पहिल्या पाच-सात किलोमीटरांवर थांबून पट्ट्या पुन्हा आवळाव्यात. जो थांबण्याचा कंटाळा करील त्याने हे कॅरिअर घेऊच नये.

टपावरचे कॅरिअर अधिक भक्कम, आणि बुटक्या गाडीवर सायकल चढविणे उंच गाडीपेक्षा सोपेही असते. पण आडव्या दांड्या खऱ्या आधारावर हव्यात. पुष्कळ गाड्यांच्या टपावरील रुळ नुसते दिखाऊ असतात. टप किती भार सोसेल हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे आणि त्यातून कॅरिअरचे वजनही वजा करावे: समजा पुस्तिकेत ५० किलो असेल, तर माझ्यासारख्या दोन काळ्या सायकली चढविल्यावर शिल्लक काहीच उरत नाही. शिवाय उभी सायकल धरून गाडीची एकूण उंची साडेआठ फुटांच्या वर जाते. आमच्या एका आप्तांनी सहलीहून दमून येऊन गाडी सवयीने पोर्चमध्ये घातली आणि दोन्ही सायकलींसह दांड्या उपटून घेतल्या. उंचीचा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगपुढे चिकटवावा. गाडीच्या मागे हूक वेल्ड करून त्यावर कॅरिअर बसविण्याचा सल्ला गॅरेजांतून मिळतो. बंपर हा भार वाहण्यासाठी केलेला नसतो, तेव्हा त्या वाटेस जाऊ नये.

माझ्यापुरता निकाल असा, की लहान गाडीत सायकल आतच न्यावी. मागची सीट पाडावी, जुनी गोधडी अंथरावी, पुढचे चाक काढून साखळीची बाजू वर ठेवून सायकल तिरपी घालावी, आणि डिस्क ब्रेक असल्यास चाक काढल्यावर त्याच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा सारावा, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटून बसतात. मग ती सीटच्या पायांना बांधावी. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक समजू नये: जोरात ब्रेक दाबला असता मोकळी सायकल थेट मानेवर येते. या पद्धतीत गाडीत दोनच माणसे मावतात, हा दोष मी कबूल करतो. आमच्या मंडळी हल्ली बारामतीच्या स्थानकावरून एस.टी.ने इंदापुरास येतात आणि बहुधा आमच्या आधी पोहोचतात.

ते कॅरिअर लेकीने माळ्यावरच्या खुंटीला अडकविले असून त्यावर लसणाच्या जुड्या टांगल्या आहेत. कोणास हवे असल्यास खुशाल घेऊन जावे. मात्र येताना गाडीची रुंदी आणि सायकलीची लांबी कागदावर लिहून आणावी.