एकच नाव चार कागदांवर

मौद्यात खोली शोधणारा माणूस बहुधा घाईत असतो. नागपूर-भंडारा महामार्गावरचं, कन्हान नदीकाठचं हे तालुक्याचं गाव. जवळच एनटीपीसीचं २३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, हिंदाल्कोचा कारखाना, शिवाय तहसील, बँका, शाळा. कुणाची बदली होते, कुणाला ठेकेदाराचा फोन येतो की सोमवारपासून कामावर या. वीज केंद्रातल्या एखाद्या संचाची मोठी दुरुस्ती निघाली की बाहेरगावचे फिटर, वेल्डर, रिगर एकदमच खोल्या पाहत फिरू लागतात. अशा दिवसांत कुणाची खोली रिकामी होतेय ही बातमी चहाच्या टपरीवरून निघते आणि संध्याकाळपर्यंत गावभर होते. डिपॉझिट बुडवणाऱ्याचं सगळं या घाईवर चालतं. माझे अठरा हजार याच घाईत गेले. ते कसे गेले आणि पुढचं डिपॉझिट कसं सुरक्षित राहिलं, हे नव्याने घर बघणाऱ्यांच्या कामी येईल म्हणून लिहितोय.

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला. ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून मौद्यात आलो तेव्हा बायको आणि शाळेत जाणारी मुलगी सोबत आणायची होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगणात बोअर, किराया सहा हजार आणि तीन महिन्यांचं डिपॉझिट असं घर एकाने दाखवलं. दाखवणारा तिशीतला, बोलायला गोड. म्हणाला, घर काकांचं आहे, काका नागपूरला असतात, इथलं सगळं मीच पाहतो. कुलूप त्यानेच उघडलं. आत त्याचं स्वतःचं सामान अर्धं बांधलेलं होतं. शेजारच्या काकूंनी त्याला नावाने हाक मारून गॅसचं विचारलं. बोअरचं पाणी किती वाजेपर्यंत पुरतं, पावसाळ्यात कुठल्या भिंतीला ओल येते, हेही त्याने न विचारता सांगितलं. त्याच्यावर विश्वास न ठेवण्यासारखं समोर काही नव्हतं.

‘भाऊ, आणखी दोन पार्ट्या पाहून गेल्या. तुमची फॅमिली आहे म्हणून तुम्हाला आधी देतो. आज टाकलं तर घर तुमचं.’

त्याने मोबाइलवर क्यूआर कोड पुढे केला. मी स्कॅन केला तर पडद्यावर एका बाईचं नाव आलं. ‘बहिणीचं खातं आहे, माझ्या खात्याची आजची लिमिट संपली,’ असं तो म्हणाला. पैसे गेले, हिरवी खूण आली. पावती काका आले की देतो, असं ठरलं.

एक तारखेला टेम्पो घेऊन आलो तेव्हा दाराला दुसरंच कुलूप होतं आणि अंगणात आणखी एक कुटुंब सामानासकट उभं होतं. त्यांनीही याच घराचं डिपॉझिट याच माणसाला दिलं होतं. दुपारी नागपूरहून घरमालक आले. त्यांना पुतण्या नव्हताच. तो माणूस त्यांचा किरायेदार होता, त्याच्याकडे किराया थकला होता आणि त्याने रातोरात घर सोडलं होतं. म्हणजे शेजारच्या काकू खोटं वागल्या नव्हत्या, तो खरोखरच तिथे राहत होता. किल्लीही खरी होती. घर त्याच्या ताब्यात होतं, मालकीचं नव्हतं, एवढाच फरक. पण आपण घर बघायला जातो तेव्हा डोळ्यांना ताबा दिसतो. मालकी कागदावरच असते.

आम्ही दोघांनीही तिथूनच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार क्रमांक घेतला आणि पोलीस ठाण्यात गेलो. दुसऱ्या कुटुंबाने आदल्याच संध्याकाळी पैसे पाठवले होते. त्यातली काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली आणि न्यायालयाच्या आदेशाने त्यांना परत मिळाली. माझ्या व्यवहाराला बरेच दिवस झाले होते, पैसे केव्हाच काढून घेतले होते. १९३० वर जितका लवकर फोन जाईल, तितकी रक्कम सापडण्याची शक्यता जास्त. आधी त्या माणसाला फोन करत बसू, नातेवाइकांना विचारू, मग पोलिसांत जाऊ, असं करू नका. फसवणूक कळली त्या मिनिटाला १९३० लावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली हा फसवणुकीचा गुन्हा आहे, तक्रार घेण्यासारखंच प्रकरण आहे.

त्यानंतरच्या घरासाठी मी एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही. घरपट्टीची पावती, विजेचं बिल, करारनामा आणि पैसे जाणारं बँक खातं, या चारही ठिकाणी एकच नाव असलं पाहिजे. नाव वेगळं निघालं तर त्याचं कारण कागदावर मिळेपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही.

घरपट्टीची पावती नगर पंचायतीची असते, आजूबाजूच्या खेड्यांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. दोन वर्षांपूर्वीची पावती दाखवली तर चालू वर्षाची मागा. गावठाणातल्या घरांची एक अडचण लक्षात ठेवा. बऱ्याच घरांची नोंद अजून आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन कैक वर्षं झालेली असतात आणि किराया एक भाऊ घेतो. यात लबाडी असेलच असं नाही. पण उद्या दुसरा भाऊ येऊन म्हणू शकतो की मी तुम्हाला ठेवलंच नाही. अशा वेळी बाकीच्या वारसांचं संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र मागायला संकोच करू नका.

विजेचं बिल माझ्या मते सर्वांत कामाचा कागद आहे, कारण तो जागेवरच ताडून पाहता येतो. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो आणि मीटरचा क्रमांकही असतो. बिल हातात घेऊन मीटरपाशी जा. दुसऱ्या घराच्या वेळी मी तसंच केलं. मीटरवर धूळ बसली होती, ओल्या फडक्याने पुसली आणि आकडे एकेक करून जुळवले. घरमालकीण काकू बाजूला उभ्या राहून पाहत होत्या, त्यांना राग आला नाही. मग ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या संकेतस्थळावर बिल पाहिलं. नाव त्यांचंच होतं, थकबाकी नव्हती. थकबाकी असलेली खोली घेतली तर वीज कापायला माणूस येतो तेव्हा अंधारात तुम्हीच बसता. त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा, पहिल्या बिलाच्या वेळी वाद होत नाही.

आता पैसे. क्यूआर स्कॅन केल्यावर किंवा मोबाइल नंबर टाकल्यावर रक्कम भरायच्या आधी समोर नाव येतं. तिथे थांबा. बहिणीचं, मित्राचं, ‘आमच्या अकाउंटंटचं’ खातं पुढे केलं तर नम्रपणे सांगा की खाते क्रमांक आणि आयएफएससी द्या, मी मालकांच्या खात्यावरच टाकतो. खरा मालक याला नाही म्हणत नाही. पूर्ण रक्कम पाठवण्याआधी एक रुपया टाकून तो पोचला का, हे मालकांना फोन करून विचारा. व्यवहाराच्या शेऱ्यात ‘डिपॉझिट, मौदा घर’ एवढं लिहा. रोख द्यायची वेळ आली तर पावती हातात घेऊनच द्या. पाच हजारांवरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यायची असते.

फोनवरून घर दाखवणाऱ्यांचा आणखी एक प्रकार देशभर चालतो. समोरचा स्वतःला लष्करातला किंवा केंद्रीय सुरक्षा दलातला म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, बदली झाली म्हणून घर तातडीने द्यायचं आहे असं सांगतो. कधी तो उलट्या बाजूने, किरायेदार म्हणूनही येतो आणि घरमालकाला ‘डिपॉझिट पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. वीज केंद्रांच्या बंदोबस्ताला सुरक्षा दलाचे जवान असतात, त्यामुळे आपल्या भागात ही बतावणी खरी वाटू शकते. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय टोकनही देऊ नका, मग ते पाचशे रुपयांचं का असेना.

करारनाम्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसला आहे की अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. नागपूरसारख्या ज्या शहरांना तो लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल तर अटींबद्दल किरायेदार सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. लहान गावातही नोंदणी करूनच घ्या, कारण खर्च लोक समजतात तेवढा नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते मुदतीतल्या एकूण किरायावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वर्षाला दहा टक्के रकमेवर मोजतात. सहा हजार किराया, वीस हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर हिशेब अडुसष्ट हजारांच्या आसपास येतो आणि शुल्क शे-दोनशेच्या घरात. नोंदणी फी शहरी हद्दीत १००० रुपये, ग्रामीण भागात ५००, वर दस्त हाताळणीचे थोडे. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन हे काम नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही होतं. नोटरी केलेला स्टॅम्प पेपर म्हणजे नोंदणी नव्हे.

करारात डिपॉझिटचा परिच्छेद स्वतः वाचा. तयार नमुन्यात बहुतेक वेळा फक्त ‘परत करण्यात येईल’ एवढंच असतं. किती रक्कम, कुठल्या तारखेला, कोणत्या व्यवहार क्रमांकाने दिली, किल्ली परत दिल्यावर किती दिवसांत परत मिळेल आणि कशाकशाचे पैसे कापता येतील, हे लिहून घ्या. रंगाचा खर्च कुणाचा, हेही तिथेच ठरवा. घर सोडताना सगळ्यात जास्त भांडणं रंगावरून होतात. वर्षभर राहिल्यावर भिंत थोडी मळणारच, तो किरायेदाराने केलेला बिघाड नाही, असं माझं मत आहे आणि माझ्या करारात तसं शब्दांत लिहिलेलं आहे. ताबा घ्यायच्या दिवशी खोल्यांचा व्हिडिओ काढा. फुटलेली फरशी, न लागणारी खिडकी, गळणारा नळ, सगळं घ्या आणि त्याच दिवशी मालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे दोघांकडेही तारखेसकट एकच पुरावा राहतो.

डिपॉझिट किती असावं? केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या किरायाची मर्यादा सुचवली आहे. तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केला तरच बंधनकारक होतो. पण बोलणी करताना दोन महिने हे माप पुढे ठेवायला हरकत नाही. मोठ्या शहरांत ‘हेवी डिपॉझिट’ घेऊन किराया माफ करण्याची पद्धत आहे. तिथे लाखोंची रक्कम एका माणसाच्या शब्दावर अडकते आणि घर बँकेकडे गहाण निघालं तर हात चोळत बसावं लागतं. कष्टाची एवढी रक्कम कुणी त्यात घालू नये.

खऱ्या मालकानेच डिपॉझिट अडवलं तर ती वेगळी गोष्ट. आधी लेखी मागणी करा, मग वकिलामार्फत नोटीस. पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, ती हातची जाऊ देऊ नका. दावा करायच्या आधीही तालुका विधी सेवा समितीकडे किंवा नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथे कोर्ट फी लागत नाही आणि झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, आणि मौद्यात किरायाने राहणाऱ्यांत कामगार पुष्कळ आहेत.

शेवटचं घरमालकांसाठी, विशेषतः जे नागपूरला राहतात आणि मौद्यातलं घर किरायाने देतात त्यांच्यासाठी. तुमचा किरायेदार तुमच्या नावाने दुसऱ्याचं डिपॉझिट घेऊ शकतो, कारण दारावर तुमचं नाव नसतं आणि शेजाऱ्यांकडे तुमचा नंबर नसतो. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्या, घर रिकामं व्हायच्या महिन्यात एकदा स्वतः येऊन जा आणि आपलं नाव व मोबाइल क्रमांक दारावर ठळक लिहा.